बाहेर जाण्याचे कारण

मे महिन्यातला दुसरा शुक्रवार. दुपारचे बारा चाळीस. जागा: कारखान्याच्या कुंपणभिंतीबाहेरचा गुलमोहर. हजर: प्रेस मशीनवरचे मामा, पॅकिंगमधल्या अक्का, वेल्डिंगचे दोघे, रंगाच्या खोलीतला एक, आणि गेटवर खुर्ची टाकून बसलेले फौजी. मी गैरहजर. मी आत ऑफिसात, पंख्याखाली, माझ्या टेबलावर डबा खात होते.

ही यादी मी त्याच संध्याकाळी केली. विम्याच्या फॉर्मात साक्षीदारांचा रकाना असतो. त्यात तीन ओळी होत्या आणि साक्षीदार पाच निघाले, म्हणून उरलेले दोन मी समासात बारीक अक्षरात बसवले. तेवढं करून झाल्यावर मला जरा बरं वाटलं होतं, हे आता कबूल करते.

आमचा कारखाना नगरच्या एमआयडीसीत. पत्रा कापून, वाकवून, जोडून विजेच्या पॅनेलच्या पेट्या बनवतो. माणसं वीस-बावीस. हजेरी, पगारपत्रक, रजा, पीएफ, पाहुण्यांचा चहा, प्रथमोपचाराची पेटी, हे सगळं माझ्याकडे. एकोणीस वर्षं झाली. प्रत्येक कामाला माझ्याकडे एक कागद आहे आणि प्रत्येक कागदाला एक फाईल. साहेब, म्हणजे आमचे मालक, पाहुण्यांना सांगतात, ‘मॅडम आहेत म्हणून मला काही लक्षात ठेवावं लागत नाही.’

माणसं झाडाखाली का जेवत होती, ते आधी सांगायला हवं. त्याच्या दोन वर्षं आधीपर्यंत सगळे आपापल्या मशीनपाशीच डबा सोडायचे. मग पुण्याच्या मोठ्या गिऱ्हाइकाकडून तपासणीला दोघं जण आले. त्यांतल्या एकाला प्रेसच्या पायाशी भाकरीचा तुकडा दिसला. अहवालात शेरा आला: यंत्रांच्या जागेत खाद्यपदार्थ. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, ‘उद्यापासून आत डबे नकोत. काय ते बघा.’ एवढंच. जेवायची खोली मागच्या बाजूला बांधायची असं ठरत होतं, तिचा नकाशाही माझ्या फाईलला होता. पण खोली नव्हती.

मी बघितलं. साध्या कोऱ्या कागदावर टाईप करून नोटीस लावली: ‘जेवण शेडच्या बाहेर करावे.’ कुंपणाच्या आत शेडबाहेरची जागा म्हणजे पत्र्यांचे गठ्ठे आणि भंगाराचा ढीग. सावली कुठेच नाही. त्यामुळे दुसऱ्याच दिवशी मंडळी गेट ओलांडून बाहेर गेली, जवळ राहणारे घरी, काही चहाच्या टपरीवर आणि हे पाच जण गुलमोहराखाली. आठवड्याभरात जागाही ठरल्या. बुंध्याला पाठ टेकून मामा, कारण ते वयाने सर्वांत मोठे आणि टेकायला जागा एकाच माणसाची. त्यांच्या डाव्या हाताला अक्का, मग बाकीचे गोल करून. डब्यांची झाकणं मधे ठेवायची आणि त्यांत प्रत्येकाने आपली भाजी वाढायची, अशी त्यांची पद्धत.

अडचण झाली ती गेटवर. फौजी लष्करातून निवृत्त झालेले, राहायला भिंगारला. वहीत नोंद केल्याशिवाय ते कुणाला बाहेर सोडत नसत. नाव, वेळ, बाहेर जाण्याचे कारण, सही. अर्ध्या तासाच्या सुट्टीतली सात-आठ मिनिटं रांगेत जायची. एकदा अक्का थेट माझ्या टेबलापाशी आल्या.

‘मॅडम, आमची भाकरी तुमच्या वहीतच वाळती. मुकादमाची बी एवढी हजेरी नसती ओ.’

मला ते पटलं. मी एक छापील तक्ता केला. डावीकडे विभागवार नावं, पुढे बाहेर जाण्याची वेळ साडेबारा, आत येण्याची एक, आणि कारण: खाजगी. वर तारीख टाकायची आणि फौजींनी नावापुढे बरोबरची खूण करायची, बस. जुन्या वहीत दोनच कारणं चालत असत, ‘कंपनीचे काम’ आणि ‘खाजगी’. कंपनीच्या कामाला साहेबांच्या सहीचा पास लागायचा. जेवण काही कंपनीचं काम नव्हे. त्या शब्दावर मी अर्धं मिनिटही घालवलं नसेल. रांग संपली. सगळे खूश झाले. फौजी म्हणाले, ‘मॅडम, हे आमच्या युनिटला पाहिजे होतं.’

त्या शुक्रवारी काय झालं ते मी पाच जणांकडून ऐकून पाच कागदांवर उतरवलं आहे, म्हणून मला ते पाहिल्यासारखं आठवतं. ऊन फार होतं. मामांनी घरचा लसणाचा ठेचा आणला होता आणि तो अक्कांच्या झाकणात जरा जास्त पडला.

‘मामा, ठेचा हाय का सुरुंग?’

‘तुझ्या जिभेपुढं साखर हाय ती, खा गुमान.’

वेल्डिंगवाल्यांपैकी एक हसता हसता ठसकला. त्याला पाणी द्यायला म्हणून अक्का वळल्या. वारा नव्हता, पान हलत नव्हतं, हे पाचही जणांनी सांगितलं. वरून कडकन आवाज आला आणि मांडीएवढ्या जाडीची फांदी खाली आली. बाकीचे चार जण उठून पळाले. मामांच्या पाठीला बुंधा होता, त्यांना वळायला वेळ लागला. फांदी उजव्या खांद्यावर पडली. खाली दबलेले मामा पहिल्यांदा बोलले ते असं: ‘आरं, डबं बघा, सांडलं का समदं?’

मी प्रथमोपचाराची पेटी घेऊन धावले. तिच्या झाकणाला आतून मी औषधांच्या मुदतीची यादी चिकटवलेली होती. आतलं एकही औषध जुनं नव्हतं आणि एकही उपयोगाचं नव्हतं. साहेबांनी स्वतः गाडी काढली आणि मामांना दवाखान्यात नेलं. हाड तीन महिन्यांत जुळलं. पण मानेतून हातात जाणाऱ्या नसा तुटल्या होत्या, त्या जुळल्या नाहीत. बोटं थोडी हलतात. हात उचलत नाही. प्रेसवर पत्रा धरायला दोन्ही हात लागतात. मामांचं वय बावन्न, आणि प्रेसशिवाय दुसरं काम त्यांनी कधी केलेलं नाही.

आदल्या वर्षी मामांचा पगार सरकारी कामगार विम्याच्या मर्यादेच्या वर गेला होता. मामांनी पेढे वाटले होते. अशा चार-पाच लोकांसाठी कंपनीने एका खासगी विमा कंपनीकडून कामावरच्या अपघाताची पॉलिसी घेतली होती. तिचे कागद मीच केले होते, म्हणून दावाही मीच भरला, दोन दिवसांच्या आत, सगळ्या जोडपत्रांसह. आणि दवाखान्याच्या जिन्यात मामींना म्हणाले, ‘काळजी करू नका. कामावरच्या अपघाताचा विमा आहे. हात नाही चालला तरी घर चालेल.’

ते बोलायची मला काहीच गरज नव्हती.

विम्याचा तपासणीस आला तेव्हा मी त्याच्यासाठी फायली क्रमाने मांडून ठेवल्या होत्या. तरुण, नम्र माणूस होता. चहा घेतला, झाड बघून आला, भिंतीपासून बुंध्यापर्यंत पावलं मोजली. मग माझ्यासमोर बसला.

‘अपघात जेवणाच्या सुट्टीत झाला ना?’

‘हो. पण अंगावर कामाचे कपडे होते. पायात कंपनीचे बूट. एक वाजता परत मशीनवर जायचं होतं.’

‘ते बरोबर आहे. माणूस कामाच्या जागेत थांबून जेवला, पाणी प्यायला, तर बऱ्याच वेळा ते कामातच धरतात. बाहेर पडला असेल, तर कशासाठी पडला ते बघावं लागतं. गेटवर काही नोंद असते का?’

फौजींनी तक्त्यांची फाईल आणली आणि टेबलाशी ताठ उभे राहिले. ‘एकही दिवस चुकलेला नाही, सर.’

त्याने शुक्रवारचं पान काढलं. मग गुरुवारचं, मग बुधवारचं. ‘हे कारण रोज हेच?’

‘छापील आहे ते,’ मी म्हणाले.

‘कोणी छापलं?’

‘मी.’

‘कामगारांनी हरकत घेतली नाही?’

‘कशाला घेतील? वेळ वाचत होता त्यांचा.’

त्याने मोबाईलवर पानांचे फोटो घेतले. जाताना मनापासून म्हणाला, ‘मॅडम, इतकं स्वच्छ रेकॉर्ड छोट्या कंपन्यांत बघायला मिळत नाही.’ फौजींचा चेहरा फुलला. त्यांना काही कळलं नव्हतं. मला कळलं होतं आणि मी ‘थँक्यू’ म्हणाले.

दीड महिन्याने पत्र आलं. कर्मचारी विश्रांतीच्या वेळेत स्वेच्छेने, खाजगी कारणासाठी आवाराबाहेर गेला असल्याने दावा मान्य करता येत नाही. सोबत माझ्या तक्त्याची झेरॉक्स होती आणि ‘खाजगी’वर पेनाने गोल केलेला होता. वरची तारीख माझ्या अक्षरातली. फौजींचे अंक कुणाला नीट वाचता येत नाहीत म्हणून आठवड्याच्या तारखा मी सोमवारीच टाकून ठेवायची.

साहेब वाईट माणूस नाहीत. दवाखान्याचं पहिलं बिल त्यांनी न विचारता भरलं होतं. पत्र त्यांनी दोनदा वाचलं.

‘मी बाहेर जा असं कधी म्हणालो? आत नको म्हणालो होतो.’

हे खरं होतं.

‘नोटीस तुम्ही लावली.’

हेही खरं होतं.

‘साहेब, एक पत्र द्या फक्त,’ मी म्हणाले. ‘आत जेवायला जागा नव्हती, कंपनीच्या सूचनेमुळे माणसं बाहेर बसत होती. दोन ओळी.’

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘त्या दोन ओळी दिल्या की उद्या दुसरा कुणी अधिकारी येऊन विचारणार, जागा का नव्हती? मग त्याला काय सांगू? थांबा जरा. बघू.’

त्यानंतर मी दर आठवड्याला विचारते. उत्तर तेच येतं, आवाज न चढवता. नाही म्हणाले असते तर मी तसं लिहून ठेवलं असतं. ‘बघू’ कुठल्या रकान्यात टाकायचं ते मला सुचत नाही.

मूळ नोटीस शोधली. भिंतीला रंग दिला तेव्हा ती फाडून टाकली होती. कॉम्प्युटरवर तिची प्रत आहे, पण तिच्यावर सही नाही, शिक्का नाही. साधी सूचना आहे, सही कशाला, असं तेव्हा मीच ठरवलं होतं.

मामांकडे जायचं मी तीन रविवार टाळलं आणि चौथ्या रविवारी गेले. त्यांचं गाव हिवरे बाजारच्या पुढे. मी स्कूटर लावली तेव्हा मामी धारा काढत होत्या, त्यांनी नुसती मान हलवली. मामा ओट्यावर बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला होता, कुणी दुसऱ्याने आणून ठेवल्यासारखा. डाव्या हाताने ते जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सही गिरवत होते.

‘लई वाकडी येती,’ ते म्हणाले. ‘बँकेत चालंल का, मॅडम?’

‘चालेल. फॉर्म असतो त्याचा. मी आणते.’

मग मी पत्राचं सांगितलं. सोपं करून सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं. मामी हातातली चरवी तशीच धरून दारात उभ्या राहिल्या.

‘म्हंजी भाकर खाल्ली ती खाजगी?’ त्या म्हणाल्या. ‘आन उपाशी मशीनीवर हुबं ऱ्हायचं, ते कंपनीचं व्हय?’

‘अगं, त्या काय करत्याल? त्यांच्या हातात काय हाय?’ मामा म्हणाले.

‘मी कुटं काय म्हनले त्यांना? त्या जिन्यात म्हनल्या हुत्या, म्हनून इचारलं.’

मामींनी चहा आणला. म्हशीच्या ताज्या दुधाचा, घट्ट. मी तो प्यायले, कारण ठेवून उठणं बरं दिसलं नसतं. मामांनी डोळे बारीक केले. प्रेसमध्ये पत्रा घालण्याआधी ते असेच डोळे बारीक करून माप मनात धरायचे.

‘मॅडम, एक इचारू? मी त्या दिवशी कुंपणाच्या आत बसून खाल्लं असतं, भंगारापाशी, तर मिळालं असतं?’

‘बहुतेक मिळालं असतं.’

‘पर तिथं फांदी न्हवती पडनार.’

‘नाही.’

‘मंग झालं,’ ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, ‘ऊन लई हुतं ओ त्या दिवशी. न्हाईतर बसलो असतो आत.’ जणू त्यांच्याकडून काही चुकलं होतं आणि त्याचा ते मला खुलासा देत होते.

मी त्यांना सांगायला गेले होते की तो शब्द मी छापला. वाटेत वाक्यही जुळवलं होतं. ओट्यावर बसून मी त्यांना सहीच्या फॉर्मला लागणाऱ्या कागदांची यादी दिली: दोन फोटो, आधारची झेरॉक्स, डॉक्टरांचा दाखला. मामांनी डाव्या हाताने ती घडी करून खिशात ठेवायचा प्रयत्न केला. खिसा डावीकडेच असल्यामुळे तो हात तिथे वळेना. मामींनी येऊन कागद काढून घेतला.

कारखान्यात अपघातानंतर पंधरा दिवसांत पॅकिंगच्या कोपऱ्यात दोन टेबलं लागली, चार बाकं आली, पंखा आला. पुठ्ठ्याची खोकी दुसऱ्या भिंतीला सरकवली, एवढंच करावं लागलं. तक्ता बंद झाला. पहिल्या दिवशी अक्कांनी बाकावर बसून सगळीकडे नजर फिरवली.

‘मॅडम, जागा हुती की. आदी दिसली न्हवती व्हय?’

कुणी हसलं नाही. अक्काही नाही. त्यांनी डबा उघडला आणि झाकण मधे न ठेवता स्वतःपुढे ठेवलं. ती भाजी वाटायची पद्धत आत आलीच नाही.

मी एका वकीलबाईंना गाठलं. कामगारांचे दावे चालवणाऱ्या. त्यांनी सगळे कागद पाहिले आणि म्हणाल्या, ‘अर्ज करता येईल. मुदत आहे अजून. स्वेच्छेने गेले हे त्यांचं म्हणणं खोडायचं, तर बाहेर बसायला कोणी सांगितलं ते दाखवावं लागेल. ते माहीत असलेल्या माणसाचा जबाब हवा.’ मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘तो तुमचाच.’

‘मी लिहिते,’ मी लगेच म्हणाले. कागदाचं काम म्हटलं की माझ्या तोंडून ‘मी करते’ आधी जातं.

‘साहेबांना सांगून करा. तिथेच नोकरी करता ना तुम्ही?’

सांगितलं. साहेब मोबाईलवरून मान न उचलता म्हणाले, ‘लिहा ना. तुम्हाला योग्य वाटेल ते लिहा.’ संध्याकाळी निघताना त्यांनी नेहमीसारखं ‘येतो मॅडम’ म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी पगारपत्रकाची फाईल त्यांनी स्वतःच्या केबिनमध्ये मागवून घेतली, ती अजून परत आलेली नाही.

अर्जाला आठ कागद लागतात. हजेरीपत्रक, पगाराची पावती, पॉलिसीची प्रत, दावा नाकारल्याचं पत्र, दवाखान्याची कागदपत्रं, अपंगत्वाचा दाखला, जागेचे फोटो. हे सात झाले. फोटोंसाठी मी स्वतः गेले होते. पंचायतीच्या की कोणाच्या माणसांनी गुलमोहर बुंध्यापासून कापून नेला आहे, त्यामुळे फोटोत एक भिंत आणि बरीचशी मोकळी जागा येते. तरी जोडले.

आठवा माझा जबाब. पहिला परिच्छेद टाईप झाला आहे, मी कोण आणि किती वर्षं कामाला. दुसराही झाला, नोटीस कधी लावली आणि तिच्यात काय होतं. तिसऱ्यात लिहायचं आहे की ती मी कोणाच्या सांगण्यावरून लावली. ‘मालकांच्या सांगण्यावरून’ लिहिलं, तर केबिनमध्ये त्या दिवशी आम्ही दोघंच होतो आणि साहेब म्हणतील, मी बाहेर म्हटलं नव्हतं. आणि ते खोटं बोलत नसतील. ‘माझ्या मनाने’ लिहिलं, तर समोरचे म्हणतील, एका कारकुनाने परस्पर लावलेला कागद, कंपनीचा त्याच्याशी संबंध नाही. जसं घडलं तसं सगळं लिहावं, तर ते दीड पान होतं, आणि वाचून झाल्यावर माणूस विचारतो, मग सांगितलं कोणी? वकीलबाईंनी तेच विचारलं.

काल मामांचा फोन आला होता. बँकेत डाव्या हाताची सही चालली, हे सांगायला. ‘तुमच्या यादीनं एका खेपेत काम झालं,’ म्हणाले. अर्जाचं त्यांनी विचारलं नाही. मागून मामींचा आवाज आला, ‘इचारा की,’ आणि मामांनी फोन ठेवला.

अर्ज सोमवारी द्यायचा आहे. आज शनिवार. सात कागदांना मी पंच मारून दोरा घातला आहे. जबाबाचा तिसरा परिच्छेद लिहायचा राहिला आहे.